युनियन नोकरी वाचवते का?

युनियन पत्रकाराची नोकरी वाचवते का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जळगाव-धुळ्याकडचे तरुण बातमीदार भेटले की प्रश्न ठरलेला: "आवृत्ती बंद करायचं ठरलं की मालक कोणाचं ऐकत नाही. मग युनियनची वर्गणी भरायची कशाला, भो?"

आवृत्ती गुंडाळायची ठरली तर युनियनला ती सहसा थांबवता येत नाही, हे आधीच कबूल. पण माणसं जातात कशी, ते बघा. काढून टाकल्याचं पत्र फार थोड्यांच्या हाती पडतं. बाकीच्यांना आत बोलावतात आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवतात: 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' आत्ता सही केलीत तर एक महिन्याचा पगार, नाहीतर तोही विसरा. सही झाली की तुम्ही कपातीत गेलेले राहत नाही, स्वखुशीने गेलेले ठरता. कपात करायची तर मालकाला नोटीस द्यावी लागते, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. राजीनाम्याला यातलं काहीच नाही.

"युनियनला दाखवून उद्या सांगतो" एवढं म्हणायचं असतं. घराचा हप्ता डोक्यात असलेल्या एकट्या माणसाच्या तोंडून ते निघत नाही. मागे कोणीतरी आहे हे माहीत असलेल्याच्या तोंडून निघतं. माझ्या मते वर्गणी वसूल होते ती इथे.

भुसावळच्या रेल्वे कामगाराला हे शिकवावं लागत नाही. खात्याची चार्जशीट, म्हणजे आरोपांचं पत्र, हातात पडली की तो आधी युनियनचं ऑफिस गाठतो. त्यांच्या मोर्चाची बातमी आम्ही तीन कॉलम लावतो आणि आमच्यावर वेळ आली की साहेबांच्या ओळखीचा कोण आहे ते शोधत बसतो.

"आम्ही पत्रकार संघात आहोत की," असंही ऐकतो. प्रत्येक तालुक्यात एक संघ असतो, मोठ्या तालुक्यात दोन. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, दोघांचेही सत्कार, शाल, श्रीफळ. वाईट काही नाही त्यात. पण यातले बरेच संघ संस्था म्हणून नोंदलेले असतात, कामगार संघटना म्हणून नाही. कामगार आयुक्तांपुढे तुमच्या वतीने युनियनचा पदाधिकारी बसतो. ओळखपत्र घेण्याआधी नोंदणी कुठली, ते विचारा.

वृत्तपत्रांतल्या पगारांची शिफारस करणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाचंच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये ते वैध ठरवलं, जून २०१७ मध्ये कंत्राटी पत्रकारही त्यात येतात असं सांगितलं, आणि थकबाकीचा दावा १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या कलम १७ खाली करा म्हटलं. हक्क कागदावर पक्का. पण एकट्याने अर्ज केला की लांबच्या आवृत्तीत बदली झालेली मी पाहिली आहे. २०२० च्या टाळेबंदीत कपातीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्याही संघटनाच, त्यात मुंबईची बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्स होती.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, लागू झाल्या आणि १९५५ चा कायदा त्यात विरून गेला. टीव्ही आणि डिजिटलवाले पत्रकार व्याख्येत आले, हे चांगलं. पण बडतर्फीविरुद्ध दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. 'बघू, साहेब परत बोलावतील' म्हणत दोन वर्षं सहज निघून जातात. हे बदल डेडलाइनच्या धबडग्यात कोण वाचणार? युनियनमध्ये निदान एकजण तरी वाचतो.

शिरपूर, रावेर, तळोद्याच्या तालुका वार्ताहरांचं दुखणं वेगळं. नेमणूकपत्र नाही, मानधन नावापुरतं, वर दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट. ते नोकर आहेत हेच आधी सिद्ध करावं लागतं, आणि तिथे युनियनही अडखळते. त्यांनी बँकेत आलेलं मानधन, कार्यालयाचे मेल, व्हॉट्सॲपवरचे आदेश आजपासूनच स्वतःच्या मेलवर साठवावेत. काढलं की ग्रुपमधूनही काढतात.

राहिली शेवटची भीती: "सभासद झालो हे कळलं तर आधी मलाच काढतील." भीती खोटी नाही. युनियनमध्ये गेला म्हणून काढणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे, पण एकट्याला काढलं तर कारण 'कामगिरी' असं लिहायला कितीसा वेळ लागतो? म्हणून अर्ज एकट्याने भरू नका. डेस्कवरचे पाच-सात जण मिळून एकाच दिवशी भरा.