आज विमान जेमतेम ११ सेकंद उडालं

पहाटे साडेपाचला उठलो, कारण वारा पडलेला असतो तो तेवढाच वेळ. रिमोटवर उडणारं फोमचं विमान, पंखांचा विस्तार १.२ मीटर, थ्री-सेल लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज, १२.६ व्होल्ट. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) उलटे फिरत नाहीत ना, तेही तपासलं (एकदा ते न बघता उडवलंय, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी).

चुकलं ते बॅटरी बसवताना. वेल्क्रोचा पट्टा नीट लागेना म्हणून ती दोन बोटं मागे सरकवली. दोनच बोटं! हातातून सोडल्यावर शेपूट जड झालेल्या विमानानं नाक वर केलं ते केलंच. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) खाली दिला की डुबकी, सोडला की पुन्हा आभाळाकडे. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर हवा, हे नवख्यांना मीच ऐकवत असतो. पंखाखाली बोटं धरून तोल बघायला कितीसा वेळ लागतो? तिसऱ्या वेळी वेग संपला, डावा पंख पडला आणि स्वारी सरळ गवतात.

मोटरचा माउंट उखडलाय, प्रोपेलरचं एक पातं गायब. बॅटरी फुगलेली दिसत नव्हती, तरी पेट घेईल की काय म्हणून ती लांब मोकळ्यावर ठेवून अर्धा तास नुसता बघत बसलो. मार खाल्लेल्या लिपोवर माझा काडीचा भरवसा नाही.

बघायला आलेल्या एका पोरानं विचारलं, "काका, ते मुद्दाम केलं का?"

"हो," म्हटलं.

नाकाला गोंद लावून ठेवलाय. उद्यापर्यंत वाळेल.