मानेएवढा कठडा

पहाटे साडेपाचला मी मच्छीमार जेटीच्या कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. मांडीवर वाहनगणनेचा तक्ता, दोन पेनं, शेजारी चहाचा थर्मास. सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं तालुक्याचं गाव. जेटीपासून एसटी स्टँडपर्यंतचा बाजाररस्ता, लांबी साधारण ६०० मीटर. सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्या इथे तासतास अडकतात, म्हणून रस्ता रुंद करायचा असं ठरलं होतं. ओट्यापासून ओट्यापर्यंत जेमतेम साडेदहा मीटर जागा, त्यात ७ मीटर डांबर. ते ९ मीटर करायचं आणि त्यासाठी एक जुना वड, दोन बकुळी आणि बऱ्याच दुकानांचे ओटे काढायचे, असा जुना आराखडा माझ्या पिशवीत होता. तो तपासून सुधारून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी मूळची कुडाळची. पुण्यात बरीच वर्षं रस्त्यांच्या आखणीचं काम केलं. जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद झाले, तिथे बाकं आली, मुलांना खेळायला जागा झाली, ते सगळं जवळून पाहिलेलं. खरं सांगायचं तर गावी येताना डोक्यात तेच चित्र होतं.

आधी त्या तक्त्याबद्दल सांगते. त्यात मोटार, दुचाकी, रिक्षा, टेम्पो, बस, ट्रक, सायकल, हातगाडी असे रकाने असतात. प्रत्येकाला एक आकडा ठरलेला. मोटार १. ग्रामीण रस्त्यांच्या प्रमाणांत बस किंवा ट्रक ३, सायकल अर्धी. आमच्या धंद्यात याला पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट, म्हणतात. कोण किती रस्ता अडवतं, याचं ते माप. म्हणजे पन्नास माणसं घेऊन आलेली एसटी म्हणजे तीन मोटारींएवढा भार, मग त्या तीन मोटारींत एकेक माणूस का असेना. पायी चालणाऱ्याला या तक्त्यात रकाना नाही. पादचाऱ्यांची मोजणी वेगळी करता येते, पण ती कोणी मागवली तर. माझ्या कामाच्या आदेशात ती नव्हती. वाहनं नव्हे, माणसं इकडून तिकडे नेणं हे रस्त्याचं काम आहे, असं आपल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात २००६ सालीच लिहून ठेवलंय. तक्ता मात्र तोच राहिला.

पहिल्या अर्ध्या तासात माझे छापील रकाने जवळजवळ कोरे होते. समोरून माणसं मात्र सारखी जात होती. दुधाच्या किटल्या घेतलेली, देवळात निघालेली, जेटीवरून परतणारे खलाशी. मी तक्त्याच्या उजव्या कडेला पेनाने एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘पायी’. सात वाजेपर्यंत तो रकाना भरून पानाच्या मागे गेला.

सहाच्या सुमारास होड्या लागल्या आणि मासेवाल्या बाहेर पडल्या. पाटी डोक्यावर चढवणं इतक्या जवळून मी प्रथमच नीट बघितलं. एकीने चुंबळ डोक्यावर दाबून सारखी केली, दोघींनी पाटीच्या कडांना हात घातला आणि एका दमात ती वर गेली. तिची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलली, मग ताठ झाली. त्यानंतर नजर समोर. पाटीतून बांगड्यांचं पाणी खांद्यावरच्या प्लास्टिकवर ठिबकत होतं. सगळ्यांत शेवटी राहिली तिला पाटी द्यायला बाई उरली नाही, तेव्हा एका खलाशाने हात लावला.

मी तक्ता पिशवीत टाकला आणि त्या शेवटच्या बाईंच्या मागे चालायला लागले. मोजणी अर्धवट सोडायची नसते, पण त्या दिवशी सोडली.

रस्त्याला फूटपाथ होता. आपल्याकडे असतो तसाच, गटारावर टाकलेल्या लाद्यांचा. काही वर्षांपूर्वीच झालेला. मावशी त्यावर एकदाही चढल्या नाहीत. डांबराच्या कडेने, मागून येणाऱ्या टेम्पोला पाठ देऊन, त्या चालत राहिल्या. मी टेप काढून किराणा दुकानापुढच्या लादीची उंची मोजली. २७ सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या संहितेत ती १५ च्या वर नसावी असं आहे आणि चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर हवी. इथे लादीची रुंदी होती पाऊण मीटर, त्यातही विजेचा खांब.

“माझ्या पाठोपाठ कित्याक येतंस गो?” मावशींनी मान न वळवता विचारलं.

मी काम सांगितलं. मग विचारलं, “मावशी, लादीवरून का चालत नाही?”

“माका खाली बघूक गावना नाय. मान वाकवलंय तर पाटी खाली. पाय खंय पडता ता दिसाक नको? तुमची ती लादी तुमी चला. आमी हयसूनच जातलंव.”

मी पुढचं सगळं अंतर मोजत गेले. जेटीपासून स्टँडपर्यंत तो फूटपाथ १७ ठिकाणी तुटत होता. कुठे दुकानात गाडी न्यायला, कुठे वाड्याचं फाटक म्हणून, कुठे नुसतीच लादी गेलेली. म्हणजे १७ वेळा उतरायचं आणि १७ वेळा चढायचं, पायाखालचं न दिसता, डोक्यावर पंचवीसेक किलो घेऊन. मी जी जी लादी ओलांडत होते ती आम्हीच, म्हणजे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसांनीच, कागदावर काढलेली होती. आणि ज्या बाईला तिची सगळ्यांत जास्त गरज, तिला तिचा शून्य उपयोग होता.

स्टँडवर पोचल्यावर खरी गोष्ट कळली. बस यायला वीस मिनिटं होती. मावशी निवाऱ्याच्या कडेला उभ्या राहिल्या, पाटी डोक्यावरच. बाक रिकामं होतं.

“उतरवत का नाही?”

“उतरवीन. मगे उचलून कोण देतलो? तू?”

मी हो म्हटलं. दोघींनी मिळून ती खाली घेतली आणि बस आल्यावर वर द्यायला गेले, तर माझ्या बाजूने ती कमरेच्या वर जाईना. शेवटी कंडक्टर खाली उतरला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा या बायकांना मोठाच आधार आहे, त्या स्वतः सांगतात. पण बसमध्ये चढण्याआधीचे ६०० मीटर आणि ती वीस मिनिटं यांची सवलत सरकारला तिकिटात देता येत नाही. ती रस्त्याच्या आखणीतच द्यावी लागते आणि ती द्यायची जबाबदारी माझी होती.

बसच्या पायरीवर पाय ठेवताना मावशी म्हणाल्या, “मानेएवढो एक कठडो बांधा गो. पाटी सरकवूक नि परत घेवक. दुसऱ्याची वाट बघूक नको.”

मी आजवर जेवढ्या बसथांब्यांची चित्रं काढली असतील, त्यांतल्या एकातही मानेएवढा कठडा नव्हता. कुठल्या संहितेतही मी तो वाचलेला नाही.

उरलेला दिवस मी वेगळ्या डोळ्यांनी बघत काढला. दहानंतर ऊन तापलं तशी सगळी पायी माणसं रस्ता ओलांडून वडाच्या बाजूला गेली. मुद्दाम, गाड्यांमधून वाट काढून. दुपारी चारनंतर सावली फिरली आणि माणसंही फिरली. म्हणजे ज्या वडाला आराखड्यात ‘अडथळा’ लिहिलं होतं, तोच या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांना धरून ठेवत होता. एप्रिलमध्ये कोकणात सावली काढून घेतली तर चारशे पावलांसाठीही माणूस रिक्षा करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

शाळेतून परतणाऱ्या सायकलवाल्या मुली उतारावर गटाराच्या जाळीपाशी येऊन एकदम रस्त्याच्या मध्यात वळत होत्या. का, ते जाळी बघून कळलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवलेल्या, चाक बरोबर फटीत जाणार. जाळी काढून आडवी बसवली की झालं. अर्ध्या तासाचं काम.

एका दुकानदारकाकांचा गाड्या लावायची जागा कमी करायला कडक विरोध होता. “गिऱ्हाईक गाडी घेवन येता,” हे त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. त्यांच्याकडे काजूच्या बिया विकायला आल्या होत्या. मी म्हटलं, काका, दोन वाट्या ठेवा, गाडीवाला आला की डावीकडे एक बी, पायी, सायकलने किंवा एसटीने आला की उजवीकडे. ते दिवसभर मनापासून बिया टाकत होते. संध्याकाळी उजवी वाटी सांडून बिया गल्ल्यावर पसरल्या होत्या, डावीचा तळ दिसत होता. काका बराच वेळ त्या वाट्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पण सामान न्हेणारो मोठो गिऱ्हाईक गाडयेचोच.” तेही खरं होतं. म्हणून पुढे आम्ही माल चढवायला-उतरवायला दोन जागा राखल्या.

स्टँडच्या अलीकडे, बाजाराच्या तोंडाशी, एक थांबा आहे. तिथे बससाठी रस्त्याला कडेने खोबण केलेली. त्या खोबणीत दिवसभर मोटारी उभ्या होत्या, त्यामुळे बस रस्त्याच्या मध्यात थांबत होती आणि म्हाताऱ्या बायका दोन मोटारींच्या फटीतून वाट काढत बसपाशी जात होत्या. एका चालकदादांना मी विचारलं, रस्ता ९ मीटर केला तर बरं पडेल का? ते म्हणाले, “म्याडम, माका रस्तो मोठो नको, मोकळो व्हयो.”

नवा आराखडा म्हणजे या एका वाक्याचाच विस्तार आहे. एसटीची रुंदी सुमारे अडीच मीटर. साडेपाच मीटरच्या डांबरात दोन बस हळू जाऊन एकमेकींना वाट देतात, कडेला गाड्या उभ्या नसल्या तर. उरलेले पाच मीटर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर फूटपाथला, खाली गटार तसंच. उंची १५ सेंटिमीटर आणि पहिल्या ओट्यापासून शेवटच्यापर्यंत सलग, कुठेही न तुटता. ज्याला गाडी आत न्यायची त्याच्या गाडीने उतरणीवरून चढून यायचं. इंजिन त्याच्याकडे आहे. थांब्याची खोबण बुजवायची आणि फूटपाथच बसच्या दारापर्यंत पुढे आणायचा, म्हणजे तिथे मोटार उभीच राहणार नाही. वर गुळगुळीत टाइल अजिबात नाही, कारण आपल्या पावसात दोन महिन्यांत त्यावर शेवाळ धरतं. खडबडीत पृष्ठभाग, आणि पाणी गटाराकडे जाईल एवढा उतार.

बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं की अरुंद रस्त्यावर गाड्या हळू होतील त्याचं काय. तो हेतूच आहे, असं मी सांगितलं. ताशी ३० किलोमीटरने ६०० मीटर जायला ७२ सेकंद लागतात, ५० ने ४३. अर्ध्या मिनिटाचा फरक. पण ५० च्या वेगात चालकाचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १४ मीटर पुढे आलेली असते, ३० ला ८ मीटर, आणि धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे पावणेतीनपट. समोर असते ती पाटी घेतलेली बाई, जिला मान वळवून मागे बघता येत नाही. बैठकीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एका नगरसेविका म्हणाल्या की एक दिवस करून तर बघू.

आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, आम्ही ते करून बघितलं. फक्कीने रेघा मारल्या, काथ्याचे दोर बांधले, भरलेली पिंपं ठेवली. तुटलेल्या १७ जागांवर फळ्यांच्या उतरणी टाकल्या. सगळं नीट झालं असं नाही. मासळीचा एक टेम्पो वळणावर अडकला, कारण तिथला कोपरा मी जास्तच आखूड काढला होता. तो त्याच वेळी फक्की पुसून बदलला. एका मोटारवाल्याने दोर सोडून गाडी आत घातली. पण दहाच्या सुमारास दोन म्हाताऱ्या वडाखालच्या फूटपाथवर शेजारीशेजारी, बोलत चालताना दिसल्या. त्या रस्त्यावर शेजारीशेजारी चालणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

कठड्याचं काम मात्र पहाटेच सुरू केलं होतं. जवळच्या एका घराच्या बांधकामावरचे जांभ्याचे चिरे मागून आणले आणि थांब्यापाशी रचले. किती उंच, ते ठरेना. मावशी आल्या तेव्हा सहा थर झाले होते. त्यांनी लांबूनच हाताने खूण केली, आणखी. सातव्या थरावर त्या उभ्या राहून बघू लागल्या. “इल्लोसो वर.” मग वर दोन इंच जाडीची फळी टाकली. टेपवर १३० सेंटिमीटर भरले.

मावशी कठड्याला तोंड करून उभ्या राहिल्या, गुडघे थोडेसे वाकवले आणि पाटीची पुढची कड फळीला टेकली. मग दोन्ही हातांनी ती हळूहळू पुढे सरकत गेली आणि त्या तिच्याखालून बाहेर आल्या. चुंबळ काढून झटकली, पदराने मानेवरचा घाम पुसला आणि बाकावर बसल्या. बस आली तशा उठल्या, चुंबळ ठेवली, कठड्याला चिकटून उभ्या राहिल्या आणि पाटी जशी आली होती तशीच डोक्यावर परत गेली. मी सवयीने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

मागून दुसऱ्या दोघी आल्या होत्या. एकीची पाटी फळीवर बसली, दुसरीला जागा उरली नाही. ती पाटी डोक्यावर घेऊन माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “आणि एक फळी हाड गो बाय.”