रोटी घाटावरचा माळ

आधी दोनदा आळंदी-पुणे असं एका दिवसाचं चालून झालं होतं, ह्यावेळी म्हटलं तुकोबांच्या पालखीबरोबर पुढंपर्यंत जाऊ. वरवंडहून निघालो, पाटस गेलं, रोटी घाट चढून वर आलो तर समोर नुसता माळ, पाऊस दोनच झालेले, मधूनच एखादा हिवर नाहीतर बाभूळ. मी सहज बोलून गेलो, "किती ओसाड आहे हो, इथं झाडं लावायला पाहिजेत."

शेजारी माणदेशातले एक काका होते, घरी मेंढरं. त्यांचे टाळ थांबले. "माउली, ओसाड कुठाय? खाली बघा की." आणि खरंच उकिडवे बसले. वाळलेल्या ठोंबाच्या बुडातून बोटभर हिरवा कोंब आलेला. हे मारवेल, हा पवन्या, ती कुसळी. मला आजवर गवत म्हणजे गवत!

मग उंडवडीपर्यंत हाच विषय. सातबाऱ्यावर असल्या जमिनीला पडीक नाहीतर पोटखराबा म्हणतात, म्हणजे पीक निघत नाही तर जमीनच खराब 😄 पण लांडगा, चिंकारा, खोकड, धाविक पक्षी ही मंडळी ह्याच माळावरची, दाट झाडीत त्यांना काय करायचंय. चिंकाऱ्यांसाठीचं मयूरेश्वर अभयारण्य सुप्याजवळ, म्हणजे ह्याच भागात. आणि हा माळसुद्धा काही माणसाने हात न लावलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चरत आलीत म्हणून तो असा मोकळा राहिलाय (अति चारलं की वाटोळं, हे काकाच म्हणाले). मी पुण्यात टेकडीवर हौसेने गिरिपुष्प लावून आलोय, ते झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

बारामतीकडे उतरलो आणि दोन्ही बाजूंना ऊस. दिंडीतली पोरं सेल्फी काढतायत, काय निसर्ग आहे वगैरे. अरे हा नीरा डावा कालवा, 1880 च्या दशकातला, त्याआधी इकडे ज्वारी-बाजरी अन्‌ माळच की. काका हसले, "एक पाळी चुकू द्या पाटाची, मग बघा निसर्ग."

काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण. पालखीच्या रथाभोवती मेंढरं सुटली आणि धूळ, लोकरीचा तो उग्र वास, खुरांचा आवाज, सगळे मोबाईल वर. माझाही. काका मात्र जवळून पळणाऱ्या मेंढीच्या पाठीकडे बघत होते.

"कातरायला आल्यात," म्हणाले, आणि परत टाळ सुरू.