टेबल किती जुनं, ते खालून कळतं

"आमच्याकडे एक जुनं पूल टेबल आहे, इंग्रजांच्या काळातलं. किती जुनं असेल, सांगता का?" हा प्रश्न मला फोनवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, नागपुरात बर्डीवर भाजी घेताना येतो. सोबत बहुतेक वेळा मोबाइलवरचा एक फोटो असतो. त्यात हिरवं कापड, त्यावर मांडलेले रंगीत बॉल आणि कुशनवरची, म्हणजे बॉल जिला आपटून परततो त्या कडेवरची, बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी दिसते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो. त्या फोटोवरून मला जवळजवळ काहीच सांगता येत नाही. कापड झिजलं की बदलतात, बॉल बाजारातून आणतात आणि पट्टी दोन स्क्रूंवर निघते, दोन स्क्रूंवर बसते. टेबलाचं वय खालच्या बाजूला असतं. टॉर्च घ्या, सतरंजी अंथरा आणि टेबलाखाली उताणे पडा.

त्याआधी एक निवाडा करून घ्या. आपण सरसकट सगळ्याला पूल टेबल म्हणतो, पण नागपूरच्या जुन्या बंगल्यांतून जे निघतं ते सहसा इंग्लिश बिलियर्ड्सचं टेबल असतं. ते बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि आठ पायांचं असतं. पॉकेटच्या, म्हणजे बॉल पडतो त्या खिशाच्या, तोंडाशी त्याचं कुशन गोलाई घेऊन आत वळतं. अमेरिकन पूल टेबल सहसा नऊ फुटांपर्यंतचं. त्याचं कुशन पॉकेटपाशी सरळ कापलेलं असतं आणि वरच्या लाकडी पट्टीवर नेम धरण्यासाठी ठिपक्यांची रांग असते. इंग्लिश टेबलावर ते ठिपके नसतात. एवढ्या दोन खुणांवर घरबसल्या फरक कळतो.

इंग्लिश टेबलं इथं का, याचं उत्तर आपल्या भूगोलातच आहे. कामठीची छावणी १८२१ची. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. मग अधिकारी आले, त्यांच्या मेस आल्या, सिव्हिल लाइन्सचे बंगले आणि क्लब आले. मेसमध्ये बिलियर्ड्सचं टेबल असणं हा तेव्हाचा रिवाजच होता. स्नूकर तर आपल्या शेजारी जन्मला! १८७५मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवले आणि नवा खेळ उभा राहिला. (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा.) जबलपूरच्या रस्त्यानं कामठीकडे जाताना मला दर वेळी याचा अभिमान वाटतो.

आता टेबलाखाली या. सगळ्यात आधी दगड बघायचा. आपल्या शाळेच्या पाटीचा असतो त्याच जातीचा दगड, स्लेट. लंडनच्या जॉन थर्स्टननं १८२६मध्ये टेबलाला स्लेट बसवली. त्याआधी टेबलाचा पृष्ठभाग लाकडी फळ्यांचा असे. बारा फुटी टेबलाला आडव्या पाच पाट्या असतात, प्रत्येकी साधारण पावणेदोन ते दोन इंच जाड. एकेक पाटी दीडशे किलोच्या वर भरते. सगळं टेबल एक टनापुढे जातं. खालून टॉर्च मारलात की दोन पाट्यांची सांध दिसते. त्या सांधीपाशी, दगडाच्या काठावर, बोट फिरवा. कामठी रोडजवळच्या एका घरात मी असं बोट फिरवलं तेव्हा आधी फक्त धूळ आणि जुन्या लांबीचे, म्हणजे भेगा बुजवायच्या पुट्टीचे, पापुद्रे हाताला लागले. ओल्या फडक्यानं पुसल्यावर छिन्नीनं कोरलेल्या तीन उभ्या रेघा दिसल्या, आणि समोरच्या पाटीवर नेमक्या तशाच तीन. पुढच्या सांधीला चारासमोर चार. कारागिरानं पाट्या घासून एकमेकींना जुळवल्या, तेव्हा घातलेल्या त्या खुणा. जिथे दोन्हीकडचे आकडे जुळतात तिथे पाट्या मुळापासून एकत्र आहेत. आकडे जुळत नसतील तर कुणीतरी हलवताना क्रम चुकवला आहे, किंवा एक पाटी दुसऱ्याच टेबलाची आहे. त्या घरच्या काकूंना मी खाली वाकायला लावून ते आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, "बाप्पा, इतके वर्षं आम्ही याच्यावर पापड वाळवून राहिलो!" त्या दिवसापासून पापड गच्चीवर गेले.

दगडानंतर स्क्रू. हा सगळ्यात सोपा पुरावा आहे आणि सगळ्यात कमी लोक तो बघतात. डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आला. टेबल १८९०चं आहे असं सांगितलं जातंय आणि सांगाड्याच्या मूळ जोडांत असे स्क्रू आहेत, तर एकतर दुरुस्ती झाली आहे किंवा सांगणं चुकीचं आहे. एका सरळ खाचेचे, डोक्याला जरा वाकडेतिकडे, गंजून लाकडाच्या रंगाचे झालेले स्क्रू दिसले तर थांबा आणि पुढचं बघा. प्लायवूड किंवा भुशाचा दाबलेला बोर्ड दिसला तर तो भाग तरी नंतरचा.

मग लाकूड. विलायतेहून आलेल्या टेबलांना महोगनी किंवा ओक असे. इथं बनलेल्यांना बहुतेक सागवान. आपल्या भागात सागवान ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. आलापल्ली आणि बल्लारशाच्या सागाखाली वाढलेली माणसं आपण. पायाच्या तळाशी, जिथे पॉलिश पोचत नाही, तिथे नखानं थोडं खरवडा. सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो आणि वर्षवलयं स्पष्ट दिसतात. महोगनीची शीर एकसारखी आणि लालसर. नागपुरात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे: सांगाडा महोगनीचा आणि आठांपैकी दोन-तीन पाय सागाचे. वाळवीनं मूळ पाय खाल्ले आणि इथल्या सुतारानं जसेच्या तसे कातून दिले. असं टेबल बघून लोक नाराज होतात, "म्हणजे ओरिजिनल नाही तर!" मला ते पटत नाही. नमुना समोर ठेवून, टनभर वजन पेलणारा पाय लेथवर उतरवणारा इतवारीचा किंवा महाल भागातला तो मिस्त्री त्या टेबलाच्या इतिहासाचा तितकाच धनी आहे. म्हणून कुणी वय विचारलं तर मी एक आकडा देत नाही. दगड कधीचा, सांगाडा कधीचा, पाय कधीचे, कुशन कधीचं, असं वेगवेगळं सांगतो. खरं उत्तर तेवढंच असतं.

कुशनच्या रबरावरून वय काढायला जाऊ नका. गंधक घालून पक्कं केलेलं रबर थर्स्टननं १८४५मध्ये कुशनला आणलं. त्याआधीचं रबर थंडीत दगडासारखं होई. आपल्याकडे उलटी गत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, ती धग वर्षानुवर्षं खाऊन रबर कडक होतं, तडकतं. चालू टेबलाचं रबर बदललेलंच असणार, आणि ते बदललं पाहिजेच.

आता नावाची पट्टी. थर्स्टन, बरोज अँड वॉट्स, रायली ही टेबल बनवणाऱ्यांची मोठी नावं. बरोज अँड वॉट्स १८३६ची, रायली १८७८ची. म्हणजे रायलीची पट्टी पहिल्यापासून असलेलं टेबल १८५७च्या धामधुमीतलं असूच शकत नाही, कुणी कितीही शपथेवर सांगो. पट्टीचा उपयोग इतकाच, की त्याआधीचं नाही एवढं ती सांगते. तिच्याखालचं लाकूड बघा. आजूबाजूच्या लाकडापेक्षा तिथलं पॉलिश वेगळ्या रंगाचं आणि नेमक्या तिच्याच मापाचं असेल तर पट्टी पहिल्यापासूनची. खाली दुसऱ्याच भोकांच्या खुणा असतील तर ती नंतर आलेली.

पट्टीवर लंडनऐवजी कलकत्ता लिहिलेलं असलं की मालकाचा चेहरा उतरतो. उतरू देऊ नका. त्या काळचा सर्वांत नावाजलेला खेळाडू जॉन रॉबर्ट्स, ज्याला जयपूरच्या महाराजांनी दरबारी खेळाडू नेमलं होतं, त्यानं स्वतः कलकत्त्यात टेबलं बनवण्याचा कारखाना काढला होता. १९५८मध्ये पुण्याच्या विल्सन जोन्सनं भारताला पहिलं वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवून दिलं, तेही कलकत्त्यातच, बिलियर्ड्समध्ये. आपल्या उन्हापावसात सागवान महोगनीपेक्षा चांगलं टिकतं. मला निवडायला सांगितलं तर मी कलकत्त्याचं निवडेन.

टेबलासोबत जुनी पेटी निघाली तर बॉल हातात घेऊन बघा. पिवळसर बॉलवर बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसली आणि टोकाशी सुईच्या अग्राएवढा काळा ठिपका असला, तर तो हस्तिदंत आहे. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यानं बंद आहे. ते विकू नका, कुणाला भेटही देऊ नका; राज्याचं वनमुख्यालय नागपुरातच आहे, तिथे रीतसर विचारा. घासल्यावर कापराचा वास आला तर तो सेल्युलॉइडचा बॉल. तो आगीपासून लांब ठेवा, भसकन पेटतो.

आणि एक कळकळीची विनंती. हलवायचं ठरलं तर टेबल कधीही अख्खं उचलू नका, घर हलवणाऱ्या मजुरांवर तर मुळीच सोपवू नका. एका बंगल्यातून टेबल काढताना पाचांतली एक पाटी फुटली. उरलेल्या चार आज त्याच आवारात नळाखाली फरशी म्हणून बसल्या आहेत. घासून जुळवलेला संच असा मोडला की परत जमत नाही. कुशन काढा, कापड सोडवा, प्रत्येक पाटीवर खडूनं क्रमांक आणि दिशा लिहा, मग एकेक पाटी उभी धरून न्या. आडवी धरलीत तर आपल्याच वजनानं मोडते. नव्या जागी पाय कुठे टेकणार ते आधी ठरवा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जुन्या घरांची फरशी तिच्यासोबत हलते. म्हणून दर पावसाळ्यानंतर स्पिरिट लेव्हल लावून पाट्यांखालच्या पाचरा सारख्या कराव्या लागतात. क्लबातले जुने मार्कर, म्हणजे खेळाचे गुण मांडणारे, हे काम डोळ्यांनी करायचे. बॉल हळू सोडायचे आणि तो कुठे झुकतो ते बघायचे. असा एखादा मार्कर अजून कुठे असेल तर त्याला टेबल दाखवा, मग मला फोन करा.

विकू का, हे मात्र मला विचारू नका. घरात बारा फूट जागा आणि खेळणारं एक माणूस असेल तर माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे. नसेल, तर खेळणाऱ्या माणसाकडेच द्या, आणि देताना पाचही पाट्या एकत्र द्या.