औघ डेक: 'स्लौघ' अखेर लीचमधून सुटला

अँकी या पाठांतराच्या ॲपमधल्या माझ्या ओ-यू-जी-एच डेकमधलं (शेवटाकडे ही अक्षरं येणाऱ्या इंग्रजी शब्दांचा कार्डांचा गठ्ठा) सगळ्यात चिवट कार्ड म्हणजे स्लौघ (हा उच्चार नव्हे, स्पेलिंग). 8 वेळा चुकल्यावर अँकीने ते लीच (सारखं चुकणारं कार्ड) ठरवून सस्पेंड केलं होतं. आता सुरळीत चालतंय. टफ-रफ-इनफ, कॉफ-ट्रॉफ, बाउ-प्लाउ, दो-डो, एकटा थ्रू आणि बॉट-थॉट-रॉटची रांग हे गट आधीच लागलेत.

खरी गोम अशी की या एका स्पेलिंगखाली तीन शब्द आहेत. स्लाउ म्हणजे दलदल. लंडनच्या पश्चिमेचं ते शहरही स्लाउच. स्लफ म्हणजे सापाने टाकलेली कात, किंवा जखमेवरून सुटणारी मेलेली त्वचा. अमेरिकेत पाणथळ जागेला, खाडीच्या फाट्याला स्लू म्हणतात. तिन्ही एकाच कार्डामागे कोंबले, की दोन आठवून एक राहिला तरी 'अगेन' दाबावं लागतं आणि आलेल्या दोघांची मेहनतही वाया.

तीन वेगळ्या नोट्स (ज्यातून कार्डं तयार होतात त्या नोंदी) करून भागत नाही. अँकी नोटच्या पहिल्या फील्डवरून (रकान्यावरून) डुप्लिकेट ओळखतं. तिथे आकडा जोडून इशारा घालवता येतो, पण तोच आकडा कार्डावर दिसला की डोकं आकडाच पाठ करतं. शिवाय त्यांची कार्डं एकमेकांची भावंडं (एकाच नोटमधून निघालेली कार्डं) ठरत नाहीत. एकाच दिवशी समोर येतात आणि पहिलं उत्तर दुसऱ्याची चुगली करतं.

जमलं ते असं: नोट एक, टेम्प्लेट (कार्डाचे साचे) तीन. फील्ड 10: स्पेलिंग, मग वाक्य-उच्चार-अर्थ अशी तीन त्रिकुटं. प्रत्येक टेम्प्लेटची पुढची बाजू सगळीच्या सगळी त्या-त्या वाक्याच्या कंडिशनलमध्ये ठेवा (ते फील्ड भरलेलं असेल तरच दिसणारा भाग; उघडताना हॅश, मिटताना स्लॅश). स्पेलिंग बाहेर राहिलं तर इनफसारख्या साध्या शब्दाचीही तीन कार्डं निघतात. मग 'एम्प्टी कार्ड्स' चालवून झाडू मारा. डेक ऑप्शन्समध्ये भावंडं 'बरी' करण्याचा, म्हणजे त्या दिवसापुरती बाजूला ठेवण्याचा पर्याय नव्या आणि रिव्ह्यू दोन्हींसाठी चालू हवा.

ऑडिओसाठी टीटीएस (मजकूर यंत्राच्या आवाजात वाचणारी सोय) नकोच. नुसता शब्द दिल्यावर त्याने तिन्हींतला कुठला उच्चार करायचा? देवनागरी फील्ड भरवशाचं.

सौघला (वाऱ्याची सळसळ) मात्र हे टेम्प्लेट लावू नका. साउ म्हणा की सफ, अर्थ तोच. एका कार्डात दोन्ही उत्तरं मान्य. थरा-थरोचंही तसंच, ब्रिटिश आणि अमेरिकी.

डाउटी (शूर) आता पहिल्या फटक्यात येतो! डो आणि थॉट दोघंही तिथे पाय ओढायचे.

टॅग लावताना सुचलं: उच्चाराच्या टॅगसोबत 'घुसखोर' हाही हवा. बहुतेक शब्दांतला जी-एच जुन्या इंग्रजीतल्या घशातल्या ख-सारख्या आवाजाची खूण आहे. पुढे तो कुठे गळला, कुठे फ झाला. पण हिकपचं औघवालं स्पेलिंग खोकल्याशी (कॉफशी) नातं जोडून नंतर चिकटलं, आणि फर्लो तर डचमधून आला, तिथे शेवटी फ आहे. कैद्यांच्या फर्लोच्या बातम्यांमुळे तो आपल्याकडे स्पेलिंगआधी कानाला ठाऊक.

पुढच्या खेपेला चफ (कावळ्याच्या कुळातला पक्षी, हिमालयातही दिसतो) आणि क्लफ (अरुंद दरी) घेणार होतो. त्याआधी लफबरा लावावं म्हणतो: एकाच गावाच्या नावात औघ दोनदा, उच्चार दोन. त्याला क्लोज नोटच (रिकाम्या जागा भरायची नोट) लागेल, सी-1 मध्ये लफ, सी-2 मध्ये बरा.