पायरीवर ठेवलेला नारळ

सत्ता दाखवायची म्हणजे सत्ताधाऱ्याच्या तोंडी अरेरावीची भाषा घालायची, हा समज कथालेखनात फार खोलवर रुजला आहे, आणि त्यामुळे गोव्यातील कितीतरी कथांत भाटकार, म्हणजे जमीनमालक, ओरडण्यापुरताच उरतो. ज्याची सत्ता पक्की असते, त्याला आवाज चढवावाच लागत नाही.

समजा, माडांच्या भाटात, म्हणजे बागायतीत, मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराची मुलगी स्वतःच्याच दारात पडलेला नारळ उचलते आणि घरात न नेता भाटकाराच्या सोप्याच्या पायरीवर नेऊन ठेवते. तसे करायला तिला कोणी सांगितलेले नाही, आणि सोप्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेला भाटकार मान वर करूनही पाहत नाही. जमीन कोणाची, आईवडिलांनी मुलीला कोणते भय शिकवले, हे सारे एवढ्यात कळते. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती भाटकाराची न हललेली मान. नारळ येणारच, याची त्याला इतकी खात्री आहे की तो आला नसता, तरच त्याने वर पाहिले असते.

ही घटना कोणत्या काळातली, यावर तिचा अर्थ ठरतो. १९६१ पूर्वीच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या, कथेत त्या नारळामागे राहते घर जाण्याचा धाक असेल. मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये झाला. त्यानंतरच्या कथेत कायद्याचा उल्लेखही नको, मुलगी पायरीपाशी क्षणभर घुटमळली तरी पुरे.

अंतोन चेखव्ह यांच्या १८८४ मधील एका कथेत माणसाला चावलेला कुत्रा जनरलचा आहे की नाही, याविषयी जमावाचे मत पालटते तसा पोलीस अधिकारी आपला ओव्हरकोट उतरवायला आणि पुन्हा चढवायला लावतो. त्याच्या लाचारीवर लेखकाला वेगळे भाष्य करावे लागत नाही.

आपल्या कथांतून मात्र गरिबाच्या टाचांच्या भेगा आणि श्रीमंताच्या शिसवी खुर्च्या वेगवेगळ्या परिच्छेदांत पडून राहतात. अशा वर्णनाने कणव वाटते, कुतूहलही वाटते, पण त्या दोघांमधले नाते दिसत नाही. ती जड खुर्ची पाहुण्यांसाठी अंगणात कोण आणून ठेवतो, आणि ठेवल्यावर स्वतः कोठे जाऊन उभा राहतो, हे मला वाचायचे असते.