पन्हाळ्यावरून ‘तीन नऊ’

मेच्या शेवटच्या रविवारी कोल्हापूरच्या हॅम मंडळींबरोबर, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओ सेटवर बोलणाऱ्यांबरोबर, पन्हाळ्यावर होते. पुण्याहून आदल्या रात्रीच एसटीने आले, कारण पहाटे पाचला निघायचं होतं. वळीव दुपारनंतर कधीही गाठतो, आणि विजा चमकायला लागल्यावर डोंगरमाथ्यावर अँटेना उभी ठेवत नाहीत.

सज्जाकोठीच्या अलीकडे झाडीत जागा धरली. तटाला, बुरुजाला एक दोरीही बांधायची नाही, हे त्यांचं आधीच ठरलेलं. मला ते फार आवडलं. दोरीला दगड बांधून तो झाडाच्या फांदीवरून पलीकडे टाकला आणि वायर वर ओढली. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी वायरची लांबी काढायची रीत सोपी आहे. १४३ ला ७.१ ने भागायचं, वीस मीटर येतात; दोन्ही बाजूंना दहा-दहा. “हातभर जास्तच ठेवायची,” सेट लावणारे काका म्हणाले, “कापता येतंय, जोडत कोण बसणार?” सातच्या सुमारास बंगळूरचा आवाज खणखणीत आला, हॅमच्या भाषेत ‘पाच, नऊ’; मागोमाग हैदराबादचा. माझा व्हीयू थ्रीचा, म्हणजे सुरुवातीच्या दर्जाचा, परवाना तीन महिन्यांचा. आजवर हातातल्या छोट्या सेटवर गावातल्या गावात बोलले होते, त्यामुळे त्या दोन वाक्यांनीही अंगावर काटा आला.

पण ही मंडळी गडावर आली होती पुरासाठी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, कोल्हापूरला येणारे रस्ते तुटले. वीज गेली की मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, मग तेही गप्प होतात. अशा वेळी गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि पाच वॉटचा सेट कामाला येतो. पाच वॉट म्हणजे देव्हाऱ्यातल्या एलईडी दिव्याएवढी ताकद. ती पुरते ती उंचीमुळे. दोन मीटर बँडच्या, म्हणजे या छोट्या सेटच्या, लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. आपण आसपासच्या सपाटीपासून जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढून ४.१ ने गुणलं की पल्ला किलोमीटरमध्ये कळतो. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा साधारण चारशे मीटर उंच आहे. चारशेचं वर्गमूळ वीस, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या वर. खाली बघितलं तर शहर, ऊस आणि पंचगंगेची वळणं एका नजरेत येत होती. फक्त नृसिंहवाडीच्या दिशेला जोतिबाचा डोंगर आडवा येतो, म्हणून दोघे जण सेट घेऊन तिथे बसले होते. आमचा निरोप त्यांनी वाडीला द्यायचा.

सराव असा होता: कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरून एक जण पाणीपातळी सांगणार, ती पन्हाळा, जोतिबा, वाडी अशी जाणार आणि वाडीने ऐकलेलं परत सांगायचं. प्रत्येक निरोपाच्या आधी आणि शेवटी ‘हा सराव आहे’ म्हणायचं, कारण कुणी मधेच ऐकलं तर पळापळ व्हायची.

पहिला निरोप मी दिला. “पातळी एकोणचाळीस फूट.” जोतिबावरून तो पुढे गेला आणि वाडीहून परत आलं, “एकेचाळीस.”

कुणी काही बोललं नाही. बंधाऱ्यावर एकोणचाळीस ही इशारा पातळी आणि त्रेचाळीस ही धोका पातळी. मधले चार फूट म्हणजे गोठ्यातली जनावरं सोडून सुरक्षित जागी न्यायला मिळणारा वेळ. त्यातले दोन मी एका शब्दात घालवले होते. खरखरीतून ‘चाळीस’ तेवढं ऐकू येतं, पुढचं ऐकणारा स्वतः भरतो. एकोणपन्नास-एकावन्न, एकोणसाठ-एकसष्ट, आपल्या मराठीत अशा जोड्या ठायीठायी आहेत.

शेजारी नववीतली एक मुलगी वही घेऊन बसली होती. परवान्याची परीक्षा बारा वर्षांपासून देता येते; तिने ती माझ्याआधीच दिलेली. “ताई, मी सांगतो, तुम्ही लिवा,” ती खास कोल्हापुरी मुलींच्या बोलीत म्हणाली. बटण दाबून एक क्षण थांबली, मग बोलली. “हा सराव आहे. पातळी फूट, अंक तीन, अंक नऊ. पुन्हा सांगतो, तीन, नऊ. गाव प्रयाग चिखली, प्रयाग, प्रयागातला प.” नुसतं चिखली म्हणून भागत नाही; कागल तालुक्यातही चिखली आहे. वाडीहून अक्षर न चुकता सगळं परत आलं.

मग मी पुन्हा बसले. सात निरोप दिले, सातही बरोबर पोचले. भाकरी, झुणका आणि ताक जागेवरच झालं.

दोनच्या सुमारास पश्चिमेला ढग काळवंडले आणि वायर उतरली. दोघे जण हातातले सेट घेऊन शेवटच्या माणसाची खबर येईपर्यंत गडावर थांबले. बाकीचे आम्ही गाडीने कोल्हापूरकडे निघालो. वाटेतलं केर्ली गाव मागे पडलं. पुरात हा रस्ता इथेच पाण्याखाली जातो. आज दोन्हीकडे ऊस डोलत होता. शिवाजी पुलावर गाडी थांबवायला सांगितली. पंचगंगा खोल, हिरवट, संथ होती. मी गडाला हाक दिली, शिवाजी पुलावर पोचल्याचं सांगितलं आणि आवाज कसा येतोय ते विचारलं.

“पाच, नऊ,” वरून उत्तर आलं. “पुन्हा सांगतो. पाच, नऊ.”